पेशीच्या मुदपाकखान्यात

इटलीत मिलानजवळ आब्बियातेग्रासो नावाचं गाव आहे. तिथल्या असाध्य रोग्यांच्या रुग्णालयात १८७२ साली कामिल्लो गॉल्जी हा तिशीही न गाठलेला डॉक्टर मुख्य वैद्य म्हणून रुजू झाला. नोकरी पोटापाण्याची होती, प्रयोगशाळा नव्हती. गॉल्जीने रुग्णालयातल्या एका लहानशा स्वयंपाकघरात सूक्ष्मदर्शक मांडला आणि कामातून मोकळं झालं की तो तिथे मेंदूचे तुकडे मुरवू लागला. आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये, मग सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात. १८७३ मध्ये त्या तुकड्यांत मोजक्याच चेतापेशी फांद्या-डहाळ्यांसकट काळ्याकुट्ट उमटल्या आणि बाकी सगळं पिवळं राहिलं. इतकी नितळ चेतापेशी त्याआधी कोणी पाहिली नव्हती.

शाळेच्या पुस्तकातलं ‘गॉल्गी संकुल’ ते याच माणसाचं. इटालियन उच्चार गॉल्जी, आपल्या पाठ्यपुस्तकांनी ‘ग’ ठेवला, इतकंच. पण ते संकुल दिसायला आणखी पंचवीस वर्षं जावी लागली. १८९८ मध्ये पाव्हियाला गव्हाणी घुबडाच्या मेंदूतल्या पेशी न्याहाळताना त्याला केंद्रकाच्या आसपास पसरलेली एक नाजूक जाळी दिसली. त्याने तिला ‘अंतर्गत जाळीदार उपकरण’ म्हटलं. उपकरण म्हटलं खरं, पण ते कशाचं, हे त्याला सांगता येत नव्हतं.

लोकांचा विश्वास बसेना, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. ही जाळी जिवंत पेशीत दिसत नसे. चांदीत किंवा ऑस्मियममध्ये पेशी मारून मुरवली तरच दिसे. कधी दिसे, कधी नाही. मग ती पेशीत असते की रसायनांच्या बरणीत तयार होते? हा वाद जवळपास पन्नास वर्षं चालला. पेशीच्या आतल्या कारभाराचा पुढचा सगळा इतिहास या एका शंकेभोवती फिरतो: जे दिसतंय ते पेशीचं, की आपल्या हातचं?

दुसरीकडे एक वेगळाच धागा सुरू झाला होता. ब्रेस्लाऊचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ रुडॉल्फ हायडेनहाइन यांनी १८७५ मध्ये कुत्र्याच्या स्वादुपिंडाचा अभ्यास केला. प्राणी उपाशी असताना स्वादुपिंडाच्या पेशींची टोकं बारीक कणांनी गच्च भरलेली असत. खाणं पोटात गेलं की कण ओसरत आणि काही तासांत पुन्हा भरत. थोडक्यात, पाचक रसाचा माल आधी तयार करून, बांधून, दाराशी रचून ठेवलेला असतो. पेशीच्या बुडाकडचा भाग रंगांमध्ये गडद रंगतो हेही लक्षात आलं होतं. नान्सीच्या शार्ल गार्निए यांनी १८९७ च्या सुमारास त्याला ‘अर्गास्टोप्लाझ्म’, म्हणजे काम करणारा पेशीरस, असं नाव दिलं. म्हणजे बुडाशी चूल आणि दाराशी कोठार. मधला रस्ता मात्र अंधारात.

हा रस्ता साधा नाही. स्वादुपिंड बनवतं ती प्रथिनं मांस पचवणारी. ती पेशीत मोकळी सुटली तर आधी पेशीलाच पचवतील. स्वादुपिंडाच्या तीव्र दाहात काहीसं तेच होतं आणि रोगी तळमळतो. म्हणून हा माल पहिल्यापासून बंद भांड्यातून न्यावा लागतो. पण पटलाच्या तेलकट भिंतीतून प्रथिनासारखा बोजड रेणू भांड्यात शिरतो कसा?

उत्तराचा मोठा भाग न्यूयॉर्कला, ईस्ट नदीच्या काठी १९०१ मध्ये स्थापन झालेल्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये सापडला, आणि सुरुवात झाली ती कोंबडीच्या कर्करोगापासून. १९२९ मध्ये तिथे आलेला बेल्जियन डॉक्टर आल्बेर क्लोद त्या गाठींमधला विषाणू वेगळा काढू पाहत होता. गाठ कुटायची, द्रावणात कालवायची, सेंट्रीफ्यूजमध्ये गरगर फिरवायची, तळाशी बसलेला साका पाहायचा. साक्यात बारीक कण मिळाले. मग त्याने निरोगी कोंबडीच्या पेशींवर तोच प्रयोग केला, तर तिथेही तेच कण! विषाणू बाजूला राहिला आणि हाती लागले पेशीचे अवयव. या कणांना त्याने १९४३ मध्ये ‘मायक्रोसोम’ म्हटलं. अनेक जीवशास्त्रज्ञांना ही कुटाकूट रानटी वाटली. पेशीचं भरीत करून तिची रचना कशी कळणार, असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त होता. क्लोदचं वेगळेपण हे, की त्याने साक्यातला एकही थर फेकला नाही. प्रत्येक थराचा हिशेब मांडला आणि सगळे थर मिळून मूळ पेशीइतकं काम भरतं का, ते तपासलं.

१९४५ मध्ये क्लोद, कीथ पोर्टर आणि अर्नेस्ट फुलॅम यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कोंबडीच्या गर्भातली एक अखंड पेशी पाहिली. तिच्या अंगभर लेससारखी नक्षी पसरली होती. पोर्टरने तिला पुढे ‘एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम’ हे नाव दिलं, आपली आंतर्द्रव्यजालिका. पाठ्यपुस्तकात हा शब्द पाठ करताना जिभेला पडणारी गाठ सोडली, तर नाव चोख आहे.

पुढच्याच वर्षी रुमेनियाच्या याश गावात जन्मलेला जॉर्ज पालादे अमेरिकेत आला, क्लोदचं व्याख्यान ऐकून भारावला आणि रॉकफेलरमध्ये दाखल झाला. हा या कथेतला खरा आचारी. १९४८ मध्ये त्याने दोन सहकाऱ्यांबरोबर पेशी मिठाच्या पाण्याऐवजी साखरेच्या दाट द्रावणात कुटल्या, तर तंतुकणिका न फुगता, न चिकटता आपल्या मूळ आकारात बाहेर आल्या. १९५२ मध्ये त्याने ऑस्मियम टेट्रॉक्साइडची आम्लता नेमकी राखून पेशी टिकवण्याची कृती बसवली. प्रयोगशाळेत तिला ‘पालादेचं लोणचं’ म्हणत. पाकही झाला, लोणचंही झालं. आणि १९५३ च्या सुमारास पोर्टर व जोसेफ ब्लम यांचं अतिपातळ काप काढणारं यंत्र आलं.

इथे एक गमतीचा भाग सांगायलाच हवा. पालादे आणि क्लोद या दोघांनी १९४९ मध्ये निबंध लिहून गॉल्जी संकुल हा रसायनांनी घडवलेला भास असल्याचं प्रतिपादन केलं होतं. पाचेक वर्षांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्यांची ती चळत इतक्या पेशींत, इतकी सारखी दिसली की वाद मिटला. पालादेने आपलं मत सोडलं आणि पुढची वीस वर्षं त्याच संकुलातून जाणारा माल मोजला. संशोधकाच्या मोठेपणाची मोजदाद करायची तर बक्षिसांआधी ही गोष्ट धरावी.

जालिकेच्या पटलाला बाहेरून चिकटलेले बारीक ठिपके पालादेने १९५५ मध्ये वर्णिले, तेच प्रथिनं बनवणारे रायबोझोम. जीवरसायनज्ञ फिलिप सीकेविट्झबरोबर त्याने दाखवलं की क्लोदचे मायक्रोसोम म्हणजे कुटताना तुटलेले जालिकेचेच तुकडे. साक्यातला थर आणि चित्रातली नक्षी एकच निघाली. गार्निएंचा गडद पेशीरसही हाच.

तरीही ही सगळी स्थिर चित्रंच होती. माल कुठून कुठे जातो हे मेलेल्या पेशीच्या छायाचित्रावरून कसं कळणार? पालादे आणि जेम्स जेमिसन यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेली युक्ती अशी. गिनीपिगच्या स्वादुपिंडाचे पातळ काप बशीत जिवंत ठेवायचे. फक्त ३ मिनिटं त्यांना ल्युसीन हे अमिनो आम्ल किरणोत्सारी रूपात द्यायचं, मग ते धुऊन साधं ल्युसीन भरपूर ओतायचं. त्या ३ मिनिटांत बनलेल्या प्रथिनांवर जणू खूण बसली. ठरावीक वेळांनी एकेक काप मारायचा, त्यावर फोटोच्या फिल्मवर असतो तसा चांदीच्या क्षारांचा लेप द्यायचा आणि अंधारात आठवडेच्या आठवडे ठेवायचा. जिथे किरणोत्सार, तिथे चांदीचा काळा कण. गॉल्जीची चांदी अशी पुन्हा कामाला आली!

पहिल्या ३ मिनिटांच्या कापात कण जालिकेवर होते. आणखी ७ मिनिटांनंतरच्या कापात गॉल्जी संकुलाच्या कडेच्या पुटिकांपाशी, म्हणजे चिमुकल्या पिशव्यांपाशी. ३७ मिनिटांनी घट्ट होत चाललेल्या पोकळ्यांत, आणि सुमारे दोन तासांनी हायडेनहाइनच्या कोठारातल्या कणांमध्ये. बुडापासून दारापर्यंतचा रस्ता वेळापत्रकासकट सापडला. पुढच्याच वर्षी या जोडीने नवी प्रथिनं बनणं औषधाने थांबवून पाहिलं. आधीचा माल तरीही पुढे सरकत राहिला. मागचा माल पुढच्याला ढकलत नव्हता. वाहतुकीला स्वतःची यंत्रणा होती आणि तिला ऊर्जा लागत होती.

१९७४ चं नोबेल क्लोद, पालादे आणि बेल्जियमच्या क्रिस्तियाँ द दूव्ह यांना मिळालं. द दूव्ह यांची कथाही घरगुतीच: यकृताच्या साक्यात एका विकराचं काम अपेक्षेपेक्षा फार कमी भरलं, नमुना फ्रिजमध्ये ठेवला, पाच दिवसांनी पाहिलं तर काम कितीतरी वाढलेलं. विकर एका पिशवीत बंद होतं आणि फ्रिजमध्ये पिशवी फुटली होती. ती पिशवी म्हणजे लयकारिका.

भिंतीतून शिरण्याचं कोडं उरलंच होतं. पालादेच्या प्रयोगशाळेत १९६७ मध्ये आलेल्या गुंटर ब्लोबेल या जर्मन तरुणाने डेव्हिड साबातिनीबरोबर १९७१ मध्ये एक अटकळ मांडली: बाहेर जायच्या प्रथिनाच्या सुरुवातीलाच एक खूण असते आणि ती रायबोझोमला जालिकेकडे नेते. हाती पुरावा जवळजवळ नव्हता. वर्षभरात केंब्रिजला सेसार मिलस्टाइन यांच्या चमूला प्रतिपिंडाच्या साखळीचं किंचित लांब असं आधीचं रूप सापडलं आणि अटकळीत जीव आला. १९७५ मध्ये ब्लोबेल आणि बर्नहार्ड डोबरस्टाइन यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडाची पटलं वापरून हे सगळं परीक्षानळीत घडवून दाखवलं. सुरुवातीची साधारण वीसेक अमिनो आम्लांची शेपटी एसटीच्या कपाळावरच्या पाटीसारखी. साखळी पटलातून आत सरकत असतानाच पाटी उतरवली जाते. म्हणून तयार मालात ती कधी कोणाला दिसली नव्हती.

ब्लोबेलला १९९९ मध्ये नोबेल मिळालं. १९४५ च्या फेब्रुवारीत, आठ वर्षांचा असताना, त्याने जळणाऱ्या ड्रेस्डेनचं लालभडक आकाश दुरून पाहिलं होतं. बक्षिसाची जवळजवळ सगळी रक्कम त्याने त्या शहराला दिली, तिथलं फ्राउएनकिर्शे हे चर्च आणि सिनेगॉग पुन्हा उभारण्यासाठी.

वाहतुकीची यंत्रणा नेमकी कशाची बनलेली आहे, हे शोधायला सत्तरच्या दशकात रँडी शेकमनने बर्कलीला यीस्ट निवडलं. यीस्ट म्हणजे पाव फुगवणारं खमीर. त्याच्यात असं काय सापडणार, असं अनेकांना वाटे, आणि शेकमनचा अनुदानाचा पहिला अर्ज फेटाळलाही गेला. पीटर नोविक या विद्यार्थ्याबरोबर त्याने असे उत्परिवर्ती शोधले जे नेहमीच्या तापमानाला धड असत, पण ३७ अंशांना त्यांची निर्यात अडून पडे. माल आत साठून या पेशी जड होतात आणि सेंट्रीफ्यूजमध्ये खाली बसतात, हे हेरल्यावर निवड सोपी झाली. १९८० पर्यंत अशी २३ जनुकं हाती आली. स्टॅनफर्डला जेम्स रॉथमन उलट्या बाजूने आला: पेशी फोडायची आणि वाहतूक नळीतच पुन्हा सुरू करायची. त्याने १९८८ मध्ये शुद्ध केलेलं ‘एनएसएफ’ हे प्रथिन आणि शेकमनचं ‘सेक-१८’ हे जनुक एकाच जातीचे निघाले. सस्तन प्राणी आणि खमीर, दोघांचा कारभार एकच.

या धाग्याचं एक टोक मुंबईशी जोडलेलं आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ पासून रेणवीय जीवशास्त्र उभं करणारे ओबेद सिद्दिकी यांनी कॅलिफोर्नियाच्या सीमोर बेंझर यांच्याबरोबर १९७६ मध्ये फळमाश्यांच्या काही वाणांचं वर्णन केलं. ऊब वाढली की या माश्या लुळ्या पडत. त्यातल्या एका वाणाला सावरायला बराच वेळ लागे, नाव ‘कोमाटोज’. नव्वदच्या दशकात त्याचं जनुक हाती आलं, तर ते एनएसएफचंच निघालं. चेतापेशीच्या टोकाशी पुटिका रित्या करण्याची यंत्रणा आणि स्वादुपिंडातून रस सोडण्याची यंत्रणा एकाच घराण्यातली. धनुर्वाताचं विष नेमकं या यंत्रणेतलं एक प्रथिन कापतं, हे इटलीतल्या पादुआच्या संशोधकांनी १९९२ मध्ये दाखवलं. २०१३ चं नोबेल शेकमन, रॉथमन आणि चेतापेशींतल्या या सोडवणुकीचा अभ्यास करणारे थोमास ज्यूडहोफ यांच्यात वाटलं गेलं.

हिशेब मात्र पुरता जुळलेला नाही. कातडी, हाडं आणि स्नायुरज्जू ज्याच्या जिवावर उभे राहतात ते कोलॅजन पेशीत तयार होतं तेव्हा सुमारे ३०० नॅनोमीटर लांबीची ताठ काठी असते. जालिकेतून माल उचलणाऱ्या नेहमीच्या पुटिकेचा व्यास ६० ते ९० नॅनोमीटर. डब्यापेक्षा माल तिपटीहून लांब. रॉथमनच्या हाताखाली काम केलेले, भारतात जन्मलेले विवेक मल्होत्रा यांच्या बार्सिलोनातल्या चमूने २००९ मध्ये ‘टँगो-१’ हे कोलॅजन दारापर्यंत आणून देणारं प्रथिन दाखवलं. पुढे त्यांनी जालिकेपासून गॉल्जीपर्यंत तात्पुरता बोगदा तयार होतो, असं मांडलं. शेकमनच्या बर्कलीच्या चमूने २०१२ मध्ये पुटिकाच फुगवून मोठी करणारं विकर दाखवलं. बोगदा की मोठी पुटिका, याचा निकाल अजून लागायचा आहे.