नायट्रेट-वाहक जनुके

दीपनगर (जि. जळगाव) ही भुसावळजवळच्या औष्णिक वीजकेंद्राची वसाहत. या भागातील ज्वारी-मक्याला दिलेल्या युरियातले नत्र (४६ टक्के) जमिनीतील जीवाणू आधी अमोनियम आणि मग नायट्रेटच्या रूपात आणतात. काळ्या मातीच्या चिकणकणांवर ऋणभार असतो आणि नायट्रेटवरही तोच. त्यामुळे ते मातीला धरून राहत नाही, जोराच्या पावसात खाली झिरपते. त्याआधी मुळांनी ते उचलायला हवे.

हे काम मुळांच्या पेशीपटलातील वाहक प्रथिने करतात. नायट्रेट मुबलक असताना मुख्यतः ‘एनआरटी१’ कुळातली, टंचाईत ‘एनआरटी२’ कुळातली. या दुसऱ्या कुळातल्या बहुतेकांना ‘एनएआर२’ हे जोडीदार प्रथिनही लागते.

पहिले जनुक हाती लागले ते एका विषामुळे. क्लोरेट नायट्रेटच्याच दाराने आत शिरते आणि झाड मारते. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या वनस्पतीची काही रोपे त्यातूनही वाचली, कारण त्यांचे ते दारच बिघडलेले होते. त्यावरून १९९३ मध्ये जनुक ओळखता आले.

तृणधान्यांत भाताचे उदाहरण सर्वांत बोलके. इंडिका भात जपोनिकापेक्षा नायट्रेट अधिक घेतो. त्यामागचे एक कारण म्हणजे ‘ओएसएनआरटी१.१बी’ या जनुकामुळे प्रथिनात पडणारा अवघ्या एका अमिनो आम्लाचा फरक, हे चिनी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले.

ज्वारी, बाजरी व मक्यातही ही कुळे आहेत. उचललेले नत्र दाण्यात नेण्याच्या कामात मात्र इतरही अनेक जनुके असतात.