६६ हजार, नऊ वर्षं आणि एक ईमेल

१ एप्रिल २०१६, आपल्याकडे सकाळ. तिकडे अमेरिकेत इलॉन मस्क यांनी टेस्लाची मॉडेल ३ दाखवली, किंमत ३५ हजार डॉलर. बुकिंगच्या देशांत भारताचंही नाव होतं. हजार डॉलर भरा, म्हणजे तेव्हाचे साधारण ६६ हजार रुपये. पेटीएमच्या विजय शेखर शर्मांसारख्या बऱ्याच जणांनी भरले. (तारीख बघून तरी थांबायचं!) तेव्हा कंपनीचं भारतात शोरूम नव्हतं, सर्व्हिस सेंटर नव्हतं, चार्जरही नव्हता.

पहिल्या आठवड्यात जगभरातून सव्वातीन लाख बुकिंग झाली. हिशेब करा, ३२.५ कोटी डॉलर. आणि करारात स्पष्ट लिहिलं होतं की ही रक्कम वेगळी ठेवली जाणार नाही आणि तिच्यावर व्याज मिळणार नाही. माझ्या मते हे बुकिंग नव्हतंच, बिनव्याजी उसने पैसे होते. मागितले तर परत मिळणार होते, हे खरं. पण गाडी कधी येणार हेच ठाऊक नसेल तर माणूस पैसे मागणार तरी कधी?

जुलै २०१७ मध्ये अमेरिकेत पहिल्या गाड्या दिल्या गेल्या. मग वाटलं, उजव्या स्टिअरिंगसाठी अडलं असेल. २०१९ मध्ये इंग्लंडला तशाही गाड्या गेल्या. आपली पाटी कोरीच. २०२१ मध्ये बंगळुरूत कंपनीची नोंदणी झाली, त्याच वर्षी मस्क म्हणाले की भारताचं आयातशुल्क फार जास्त आहे. सरकार म्हणालं, इथे कारखाना काढा. मे २०२२ मध्ये मस्क यांचं उत्तर आलं: आधी विकू द्या, मग कारखान्याचं बघू. या भांडणात दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं. पण ज्याने २०१६ मध्ये पैसे भरले, त्याचं नाव दोघांच्याही तोंडी नव्हतं.

बरं, या कंपनीला लांबचा ग्राहक सांभाळता येत नव्हता असंही नाही. तिची पहिली गाडी रोडस्टर. तेव्हा सर्व्हिस सेंटर मोजकीच होती, म्हणून २००९ मध्ये 'रेंजर' नावाचे मेकॅनिक सुरू केले. ते थेट मालकाच्या घरी जाऊन गाडी दुरुस्त करायचे, अंतराप्रमाणे पैसे घ्यायचे. मला फरक दिसतो तो एवढाच: रोडस्टरवाल्याच्या दारात गाडी उभी होती, ती बंद पडली तर चारचौघांत नाव खराब होणार. आपल्या बुकिंगवाल्याकडे फक्त पावती. पावती काही रस्त्यात बंद पडत नाही.

शेवटी मे २०२५ मध्ये जुन्या लोकांना ईमेल गेले: पहिल्या पिढीची मॉडेल ३ बंद झाली, तुमचे पैसे परत करतो. आणि १५ जुलैला मुंबईत बीकेसीत टेस्लाचं शोरूम उघडलं! गाडी मॉडेल वाय, सुरुवातीची किंमत जवळपास ६० लाख. कारखाना नाही, गाड्या शांघायहून आणलेल्या, आयातशुल्क भरून. म्हणजे ज्या शुल्काचं कारण इतकी वर्षं सांगितलं, ते भरूनच आले की! मग हेच आधी का नाही केलं, आणि करायचं नव्हतं तर पैसे २०१७ मध्येच का नाही परत दिले?

रांगेत नऊ वर्षं थांबलेल्यांना शोरूम उघडायच्या दोनच महिने आधी रांगेतून बाहेर काढलं. ज्यांना गाडी हवीच होती, त्यांनी पुन्हा नव्याने बुकिंग करायचं, नव्या किमतीला.