कार्सिनोसार्कोमा, गर्भाशयाचा

रजोनिवृत्तीनंतर, बहुधा साठी ओलांडलेल्या स्त्रियांना होणारा दुर्मिळ आणि झपाट्याने पसरणारा कर्करोग. गर्भाशयाच्या एकूण कर्करोगांत त्याचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी. मृत्यूंतला वाटा मात्र याच्या कितीतरी पट.

एकाच गाठीत दोन जातींच्या कर्कपेशी सापडतात: गर्भाशयाच्या अस्तरातून आलेला कार्सिनोमा आणि संयोजी ऊतकाच्या वळणाचा सार्कोमा. सार्कोमाच्या भागात कधी कूर्चा, कधी हाडासारखे ऊतकही दिसते. गर्भाशयात कूर्चा कुठून आली, या कोड्याने विकृतिशास्त्रज्ञांना दीर्घकाळ गुंतवून ठेवले. ‘मिश्र म्यूलेरियन अर्बुद’ या जुन्या नावाने हा रोग सार्कोमांतच मोजला जाई. जनुकीय तपासण्यांनी चित्र पालटले. बहुतेक गाठींच्या दोन्ही भागांत तेच बदल, विशेषतः टीपी५३ या जनुकातले, आढळले. म्हणजे मूळ एकच, आणि सार्कोमा हे कार्सिनोमानेच पालटलेले रूप. ‘फिगो’ या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या २००९च्या वर्गीकरणापासून त्याचे टप्पेही अस्तराच्या कर्करोगाप्रमाणेच ठरवले जातात.

मुख्य लक्षण म्हणजे पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून रक्त जाणे. ‘पाळी परत आली’ असे समजून, किंवा संकोचाने, ते अंगावर काढले जाते. यात जाणारा वेळ महागात पडतो. रक्तस्रावाचे कारण बहुतेक वेळा साधेच निघते, पण तपासल्याशिवाय ते कळत नाही. कधी गाठ वाढून गर्भाशयमुखातून बाहेर डोकावते. पॅप चाचणी गर्भाशयमुखासाठी असते; ती निर्दोष आली म्हणून निर्धास्त होता येत नाही. सोनोग्राफीत अस्तराची जाडी पाहतात, निदान मात्र अस्तराचा तुकडा तपासूनच पक्के होते. पूर्वी ओटीपोटाला किरणोपचार झाले असतील किंवा स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन दीर्घकाळ घेतले असेल, तर धोका थोडा वाढतो. तरीही टॅमॉक्सिफेनचा लाभ सहसा या धोक्याहून मोठा असतो. ते मनाने बंद करू नये.

शस्त्रक्रियेत पिशवीबरोबर बीजकोश आणि बीजवाहिन्या काढतात; लसीका ग्रंथीही तपासतात. गाठ पिशवीपुरतीच दिसत असली तरी रोग पुन्हा उद्भवण्याची भीती मोठी, म्हणून पुढे बहुधा केमोथेरपी देतात. तिथेही जुन्या वर्गीकरणाची सावली होती: सार्कोमावरचे आयफॉस्फामाइड वर्षानुवर्षे वापरात राहिले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत पॅक्लिटॅक्सेल-कार्बोप्लाटिन ही जोडी आयफॉस्फामाइड-पॅक्लिटॅक्सेलपेक्षा कमी ठरली नाही. आज सुरुवातीला बहुधा हीच जोडी देतात.