४४६ बाइटांचं बिऱ्हाड

१९८३ साली आयबीएमचा पीसी एक्सटी हार्डडिस्क घेऊन आला आणि डॉस २.० ने डिस्कच्या पहिल्या सेक्टरची वाटणी ठरवून टाकली. एकूण ५१२ बाइट. ६४ पार्टिशनच्या तक्त्याला, शेवटचे २ सहीला, आणि उरलेल्या ४४६ मध्ये बूटलोडरने संसार थाटायचा! १९९५ मध्ये आलेला ग्रब एवढ्यात कुठला मावायला? म्हणून त्याचा छोटा तुकडा इथे आणि बाकी बिऱ्हाड दुसरीकडे.

गोम इथेच आहे मंडळी. नवेगाव बांधच्या (हो, तेच तलाववालं) माझ्या मामेभावाने जुन्या लॅपटॉपला एक्स्टर्नल डिस्क जोडून तिच्यावर लिनक्स टाकलं. इन्स्टॉलरने तुकडा ठेवला आतल्या डिस्कवर, बिऱ्हाड बाहेरच्या. बाहेरची काढली की पडद्यावर नुसतं 'ग्रब रेस्क्यू'! मामांच्या दुकानाचा सगळा हिशोब विंडोजमध्ये, त्यामुळे घरात सुतकच. डेटा शाबूत होता म्हणा, गेला होता तो फक्त दरवाजा. विंडोजच्या रिपेअर डिस्कवरून 'बूटरेक /फिक्सएमबीआर' दिल्यावर तो पुन्हा बसला.

यूईएफआय आल्यावर जागेची टंचाई संपली. बूटलोडर आता फॅट पार्टिशनमधली साधी फाइल असते. तरी उबंटूचा जुना इन्स्टॉलर, बाहेरची डिस्क निवडून दिली तरी, ती फाइल खुशाल आतल्या डिस्कवर टाकायचा. मी तर सरळ आतली डिस्क काढून ठेवतो, मगच इन्स्टॉलर सुरू करतो.