लाकडी भट्टीची मृत्पात्रे

हाताने घडवून लाकडाच्या जाळावर सुमारे १,२५० ते १,३०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजलेली भांडी. करणारे याला सरळ ‘वुड फायरिंग’ म्हणतात. कुंभाराचा आवाही लाकूड-गोवऱ्यांवरच पेटतो, पण तो सहसा हजार अंशांच्या आत राहतो. म्हणून तर माठ पाझरतो आणि पाणी गार होते. इथे माती दगडासारखी घट्ट होते. झिलईचे काम राख करते : जाळाबरोबर उडून ती तापल्या भांड्यावर बसते आणि तिच्यातला चुना व पोटॅश मातीतल्या सिलिकेला वितळवून काच करतात. आगीकडची बाजू हिरवट ओघळांनी भरते, पाठ कोरडी, तांबूस राहते. एकाच घाण्यातली दोन भांडी सारखी निघत नाहीत, आणि ज्याला सारखी हवीत त्याने या वाटेला जाऊ नये.

जपानची बोगद्यासारखी ‘अनागामा’ भट्टी पाचव्या शतकात कोरियातून आली. तिला कित्येक दिवस-रात्र सरपण घालत राहावे लागते. भारतात पुदुच्चेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीने (१९७१) सुरूच्या लाकडावरची भाजणी रुजवली. महाराष्ट्रात उच्च तापमानाच्या हस्तकामाचा एक धागा भद्रावतीला, कृष्णमूर्ती मिरमिरांच्या ग्रामोदय संघाकडे जातो. तिथे शिकलेले, मूळचे बिहारच्या नवादा जिल्ह्यातले ब्रह्मदेव राम पंडित (पद्मश्री, २०१३) भाईंदरला स्थिरावले.

भाईंदरच्याच महापालिकेतले वरसावे हे घोडबंदर रस्ता अहमदाबाद महामार्गाला मिळतो तिथले गाव. एका अंगाला संजय गांधी उद्यानाचे डोंगर, दुसऱ्या अंगाला वसईची खाडी. निसर्गावरून भांडे सुचायला एवढे पुरे, आणि सामग्रीही पायाखालीच : इथल्या काळ्या दगडात लोह भरपूर, त्याची पूड राखेत मिसळली की तपकिरी-काळी झिलई येते. सरपण मात्र इथले नाही. उद्यानातली तोड बंद, खारफुटीला २००५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे संरक्षण. तेव्हा वखारीतल्या फळकुटांवर भागवावे.

वितळलेल्या राखेने भांडे फळीला चिकटू नये म्हणून त्याखाली माती भरलेले शिंपले ठेवतात. भट्टीत शिंपल्याचा चुना होतो, पाणी लागले की भुगा होऊन गळतो, आणि बुडाशी पंख्यासारख्या रेघा उरतात.