मदतीची हाक आणि तिचा पत्ता

टेलिफोनच्या इतिहासात एक प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. संकटातल्या माणसाने फोन लावला, तर तो माणूस नेमका कुठे आहे हे पलीकडच्याला कसं कळतं?

उदाहरणाला बुरोंडी घेऊ. दापोली तालुक्यातलं समुद्रकाठचं, मच्छीमारांचं गाव. कोकणात सगळीकडे तसं इथलंही, घरटी कुणी ना कुणी मुंबईला. समजा, रात्री घरात आजीच्या छातीत कळ आली. घरात वायफाय आहे, मोबाईलला रेंज नाही. नात पहिला फोन कुणाला लावेल? बाबांना, व्हॉट्सॲपवर. बाबा नालासोपाऱ्याला, काका मस्कतला. दोघांनाही तिचा चेहरा स्वच्छ दिसतोय. पण गाडी बोलवायची कुणी आणि कुठून?

आता जरा मागे जाऊ. हाताने जोडण्याच्या एक्स्चेंजमध्ये हा प्रश्नच नव्हता. बोर्डावर कुठल्या लाइनचा दिवा लागला किंवा झडप पडली, ते ऑपरेटरला डोळ्यांसमोर दिसायचं. छोट्या गावात तर ती लाइन कुणाच्या दुकानातली, हेही तोंडपाठ. अडचण असायची वाट पाहण्याची. 1935 च्या नोव्हेंबरात लंडनच्या विंपोल स्ट्रीटवर घराला आग लागली, पाच बायका दगावल्या. शेजाऱ्याने अग्निशमन दलासाठी फोन लावला होता, पण तो एक्स्चेंजच्या रांगेतच अडकला. त्याने चिडून ‘टाइम्स’ला पत्र लिहिलं. त्यातून 1937 मध्ये 999 हा क्रमांक आला. तो फिरवला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागायचा आणि भोंगा वाजायचा. म्हणजे तातडी कळवण्याची सोय झाली. ठिकाण तर तार सांगतच होती.

आपल्याकडेही 100 फिरवला की आपल्या एक्स्चेंजला जोडलेले पोलीस. पुढे एसटीडी आलं, गावोगाव पिवळे बूथ आले, आणि क्रमांकातच पत्ता आला. दापोलीचा कोड 02358. हा कोड नुसता ऐकला तरी चाकरमान्याला कळायचं, फोन घरून आहे. (आणि भलत्या वेळी आला तर पोटात गोळाही यायचा.) शिवाय तांब्याच्या तारेच्या फोनला वीज एक्स्चेंजच्या बॅटरीवरून मिळायची. गावातली वीज गेली तरी फोन चालू.

मोबाईलने ही गाठ सैल केली, पण सोडली नाही. तारेच्या जागी टॉवर आला. बाणकोटला उभं राहा, फोन खाडीपलीकडचा टॉवर पकडू शकतो, म्हणजे रायगड जिल्हा! चूक झाली, तरी ती खाडीच्या रुंदीइतकी.

इंटरनेटच्या फोनने मात्र गाठच सोडली. आवाजाचे तुकडे होऊन ते कुठल्याही वाटेने जातात, आणि क्रमांक माणसाबरोबर कुठेही फिरतो. याची किंमत इतरांनी आधी मोजली. 2005 मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला घरात शिरलेल्यांनी एका मुलीच्या आईवडिलांवर गोळ्या झाडल्या. तिने घरातल्या इंटरनेट फोनवरून 911 लावला, तर रेकॉर्ड केलेला आवाज आला की या फोनवरून ही सेवा मिळत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात तिथल्या नियामकाने अशा कंपन्यांना 911 ची सोय आणि ग्राहकाचा पत्ता नोंदवणं सक्तीचं केलं.

पण नोंदवलेला पत्ता म्हणजे माणूस नव्हे. 2008 मध्ये कॅनडात कॅलगरीच्या एका कुटुंबाने 18 महिन्यांच्या बाळासाठी अँब्युलन्स मागवली. कंपनीकडे त्यांचा जुना, ऑंटारिओतला पत्ता होता. अँब्युलन्स गेली तिकडे, अडीच हजारांहून जास्त किलोमीटर दूर. बाळ वाचलं नाही. आपल्या आधार कार्डावरचे पत्ते आठवा, म्हणजे यातलं गांभीर्य कळेल.

भारतात 2002 मध्ये इंटरनेट टेलिफोनीला मर्यादित परवानगी मिळाली. देशातल्या साध्या फोनशी तिची जोडणी मात्र बंद होती. ऑक्टोबर 2017 मध्ये ‘ट्राय’ने दार उघडायची शिफारस केली. आपत्कालीन क्रमांकांबद्दल त्यात म्हटलं की कंपन्यांना उत्तेजन द्यावं, सक्ती तूर्त नको, आणि ही मर्यादा ग्राहकाला स्पष्ट शब्दांत सांगावी. सक्ती न करण्यामागची तांत्रिक अडचण मी समजू शकतो. पण ‘स्पष्ट शब्दांत’ कुठे, हो? व्हॉट्सॲपवरून आपत्कालीन सेवेला फोन लागत नाही, हे त्यांच्या अटींमध्ये लिहिलेलं आहे. ते आजीने वाचायचं?

मग नालासोपाऱ्याचे बाबा काय करू शकतात? ते 112 लावू शकतात. 2021 पासून महाराष्ट्रात हा एक क्रमांक आहे, फोन घेण्याचं मुख्य केंद्र नवी मुंबईत, दुसरं नागपूरला. पण त्या केंद्राला ठिकाण दिसणार बाबांचं. म्हणून पहिलं वाक्य हवं : ‘मी इथे नाही, मदत बुरोंडीला हवी, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी.’ आणि मग वाडी, देऊळ, पाखाडी, जे गाडीवाल्याला सापडेल ते. काकांनी मस्कतहून 112 लावून बुरोंडीला काही होणार नाही. त्यांच्या कामाचा दापोलीतल्या दवाखान्याचा किंवा पोलीस ठाण्याचा पूर्ण क्रमांक, कोडासकट. म्हणजे पुन्हा 02358.

आणि नातीने? तिने आधी साधा 112 लावून पाहावा. आपल्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीची असेल, तर फोन तिच्यावरून आपत्कालीन कॉल लावू शकतो. व्हॉट्सॲपला ते जमत नाही.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा दापोली-मंडणगडची वीज कित्येक दिवस गेली, टॉवरही बंद पडले. राऊटर घरच्या विजेवर चालतो, एक्स्चेंजच्या बॅटरीवर नाही. इथे जुना फोन नव्यापेक्षा शहाणा होता, असं मला वाटतं.

बुरोंडीच्या होड्यांबद्दल एवढंच सांगतो. खोल समुद्रात ना टॉवर ना वायफाय. तिथे व्हीएचएफचं 16 नंबर चॅनल असतं. शिवाय इस्रो आणि तटरक्षक दलाचं एक संकट-संदेश यंत्र 2010 पासून वापरात आहे. त्यावर बोलता येत नाही. आग, बुडणारी बोट, आजारी माणूस, यांपैकी बटण दाबायचं, आणि ते उपग्रहामार्फत होडीचं ठिकाण पाठवतं. किनाऱ्याजवळ रेंज असेल तर तटरक्षक दलाचा 1554 आहे, सागरी पोलिसांचा 1093 आहे. हे दोन्ही आताच फोनमध्ये घालून ठेवा, मी थांबतो.

झालं? मग आता प्रश्न घेऊ. मागे हात वर आहे, विचारा.