जुन्या गाडीचे इग्निशन पार्ट शोधताना: गाडीचं नाव नको, डिस्ट्रिब्युटरचा नंबर सांगा

जुनी अ‍ॅम्बेसेडर किंवा मॉरिस सांभाळणाऱ्यांपैकी अनेकांना हा अनुभव आलेला असतो. गाडी मिसिंग मारायला लागते. आपण दुकानात जाऊन "अमुक सालच्या अ‍ॅम्बेसेडरचा पॉइंट-कंडेन्सर द्या" म्हणतो. दुकानदार डबीतून एक सेट काढून देतो. तो बसतो, गाडी सुरू होते, आणि चार दिवसांनी घाटात पुन्हा बंद पडते. मग दोष कार्ब्युरेटरला, पेट्रोलला, नाहीतर मेकॅनिकला.

खरी चूक बहुतेक वेळा मागणीतच असते. पन्नास वर्षांत त्या गाडीचं डिस्ट्रिब्युटर एकदा तरी बदललेलं असण्याची शक्यता मोठी आहे. कुणी भंगारातलं बसवलं, कुणी दुसऱ्या मॉडेलचं. त्यामुळे कंपनीने काय बसवलं होतं यापेक्षा आज बॉनेटखाली काय आहे, ते आधी बघायचं.

नंबर कुठे असतो?

ब्रिटिश घराण्यातल्या गाड्यांवर साधारणपणे लुकासचं डिस्ट्रिब्युटर असतं. अ‍ॅम्बेसेडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज तीन, म्हणून तीही याच घराण्यातली. पुढे 1961 साली लुकास-टीव्हीएस ही कंपनी सुरू झाली आणि हे भाग भारतात बनू लागले.

डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर बाजूला तेल-धुळीचा थर असतो. तो रॉकेलच्या फडक्याने पुसा आणि टॉर्च तिरकी धरा. जुन्या ब्रिटिश लुकासवर 25डी4 किंवा 45डी4 असा प्रकार, पाच आकडी नंबर आणि बनवल्याचा आठवडा व साल ठोकलेलं दिसतं. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, दुकानात तोच दाखवायचा.

25डी आणि 45डी दिसायला भावंडं वाटतात, पण त्यांचे पॉइंट, रोटर आणि कॅप एकमेकांना चालत नाहीत. पॉइंटचा गॅप दोन्हींत 0.35 ते 0.40 मिलिमीटरच्या आसपास असतो. मात्र पॉइंट मिटलेले राहण्याचा कोन, म्हणजे ड्वेल, 25डी मध्ये सुमारे 60 अंश आणि 45डी मध्ये सुमारे 51 अंश. ड्वेल मीटर लावणाऱ्या मेकॅनिकला हे आधीच सांगा. फियाट घराण्याच्या गाड्यांना लुकासचे हे आकडे लावू नका.

बसतं म्हणजे चालतं, असं नाही

सगळ्यात महाग पडणारी चूक पूर्ण डिस्ट्रिब्युटर बदलताना होते. एमजीबी या स्पोर्ट्स कारचं इंजिन आणि अ‍ॅम्बेसेडरचं 1489 सीसीचं इंजिन, दोन्ही बीएमसीच्या बी-सिरीजमधली. एमजीबीचे भाग परदेशातून सहज मागवता येतात. 40897 नंबरचं डिस्ट्रिब्युटर हे त्यातलं नेहमी आढळणारं. ते बसतं, गाडीही चालू होते. पण त्याच्या आतला हिशोब दुसऱ्या इंजिनसाठी केलेला असतो.

इंजिनचा वेग वाढला की ठिणगी अधिक लवकर पडावी लागते, कारण पेट्रोल पेटायला लागणारा वेळ फारसा कमी होत नाही आणि पिस्टन मात्र झपाट्याने वर येतो. हे काम डिस्ट्रिब्युटरमधली दोन वजनं आणि स्प्रिंगा करतात. आतल्या प्लेटवर 10 किंवा 13 असा अंशांचा आकडा कोरलेला असतो. हे अंश डिस्ट्रिब्युटरचे आहेत, क्रँकवर ते दुप्पट होतात. व्हॅक्युम युनिटवर 5-13-10 असे तीन आकडे दिसले, तर अर्थ असा: पाऱ्याच्या 5 इंच व्हॅक्युमला काम सुरू, 13 इंचाला पूर्ण, आणि जास्तीत जास्त 10 अंश अ‍ॅडव्हान्स.

अ‍ॅडव्हान्स जास्त झाला की चढावर इंजिन खडखडतं. आपण म्हणतो, "पेट्रोल खराब आहे." तेच नॉकिंग महिनोन्‌महिने चालू राहिलं तर पिस्टनचा बळी जातो. म्हणून मूळ डिस्ट्रिब्युटर झिजलं असेल, तरी शक्यतो त्याचीच बुशिंग आणि शाफ्ट दुरुस्त करून घ्या. माझं मत विचाराल तर जुन्या गाडीवरचा हा खर्च सगळ्यात आधी करावा.

पॉइंट, रोटर, कंडेन्सर

25डी ला दोन तुकड्यांचे आणि एकाच तुकड्याचे, असे दोन्ही प्रकारचे पॉइंट मिळतात. दोन तुकड्यांचे बसवताना प्लास्टिकचा बुश नीट लावा. कॉइलकडून येणारी वायर आणि कंडेन्सरची वायर, दोन्ही पॉइंटच्या स्प्रिंगला टेकल्या पाहिजेत, पण खालच्या प्लेटला अजिबात नाही. एक वॉशर इकडचा तिकडे झाला की अर्थ होते आणि ठिणगी गायब. "नवीन पॉइंट बसवला तेव्हापासून गाडी मेली," या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं.

रोटरची गंमत वेगळी. हल्लीच्या काही स्वस्त रोटरमध्ये पितळी पट्टी रिव्हेटने जोडलेली असते. तो रिव्हेट आतल्या स्प्रिंगच्या फार जवळ गेला तर करंट प्लास्टिक भेदून शाफ्टवर उतरतो, तेही इंजिन गरम झाल्यावर. तपासायला कॅप काढा, कॉइलची जाड वायर इन्सुलेटेड पकडीने धरून रोटरच्या मधल्या पितळेपासून तीनेक मिलिमीटरवर ठेवा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. तिथे ठिणग्या सलग उडत राहिल्या तर रोटर गळतोय. शक्य असेल तर रिव्हेट नसलेला रोटर घ्या.

कंडेन्सर 0.18 ते 0.25 मायक्रोफॅरडच्या दरम्यानचा लागतो. मल्टिमीटरवर ही क्षमता मोजता येते, पण तो गरम झाल्यावर दगा देईल का, ते त्यातून कळत नाही. जुना, न वापरलेला माल म्हणजे सोनं, असं बरेच जण धरून चालतात. रोटर आणि कॅपच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. कंडेन्सरच्या आत मात्र कागद असतो आणि डबी न उघडताही कागदाचं वय वाढतच असतं.

कॉइल मोजून घ्या

साध्या 12 व्होल्ट कॉइलच्या दोन बारीक टर्मिनलमधला रेझिस्टन्स सुमारे 3 ओहम असतो. काही गाड्यांत बॅलास्ट रेझिस्टर असतो, त्यांची कॉइल सुमारे 1.5 ओहमची. दोन्ही डबे बाहेरून सारखे. 1.5 ओहमची कॉइल रेझिस्टरशिवाय लावली तर पॉइंटमधून 4 ऐवजी 8 अँपिअरपर्यंत करंट जाऊ शकतो. कॉइल तापते, पॉइंट काळे पडतात. उलट केलं तर ठिणगी मरतुकडी. दुकानातच मल्टिमीटर लावा, लाजू नका.

इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल घेणार असाल तर आधी बॅटरी बघा. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असे. निगेटिव्ह अर्थचं मॉड्यूल तिथे लावलं की क्षणात जळतं.

प्लगचे उलटे आकडे

मायको (1951 साली सुरू झालेली ही कंपनी 2008 पासून बॉश म्हणून ओळखली जाते) आणि बॉशच्या जुन्या प्लगवर डब्ल्यू175टी1 अशी तीन आकडी खूण असे. त्या पद्धतीत आकडा मोठा म्हणजे प्लग थंड. नव्या पद्धतीत 145 चा 8 झाला, 175 चा 7 आणि 225 चा 5, म्हणजे आता आकडा मोठा तर प्लग गरम. एनजीकेमध्ये पुन्हा उलटं, मोठा आकडा थंड. ब्रँड बदलताना आकडा जुळवू नका, तक्ता बघा.

चुडीची लांबी त्याहून महत्त्वाची. 12.7 मिलिमीटरच्या जागी 19 मिलिमीटरचा प्लग घातला तर तो पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला आपटू शकतो. जुना प्लग शेजारी धरून बघायला अर्धा मिनिट लागतो.

माल कुठे शोधायचा?

मुंबईत चोर बाजार आणि कुर्ल्याची जुन्या पार्टची दुकानं, पुण्यात जुना बाजार. पद्मिनीवाल्यांची एक वेगळी अडचण आहे. कुर्ल्यात बनलेल्या या गाडीचे पार्ट इतकी वर्षं टॅक्सीवाल्यांच्या मागणीवर टिकून होते. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली होती, वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर 2023 च्या ऑक्टोबर अखेरीस तीही थांबली. पद्मिनीचे चांगले रोटर-कॅप दिसले की दोन सेट घेऊन ठेवा.

कुठेही गेलात तरी जुना पार्ट खिशात हवा. आणि बदललेला, पण अजून चालू असलेला कंडेन्सर फेकू नका. स्क्रू-ड्रायव्हर आणि फिलर गेजसोबत तो डिकीत राहू द्या.